अल्केन पाठ करू नका, काढून बघा

दहावीतून अकरावी सायन्सला गेलं की कार्बनी रसायनशास्त्र अंगावर येतं आणि त्याचा पहिला दरवाजा म्हणजे अल्केन. इथे बहुतेक मुलं दहा नावं आणि दहा सूत्रं असलेला तक्ता पाठ करतात. मग परीक्षेत फांद्या असलेला पहिला रेणू समोर आला की तो तक्ता काहीच उपयोगाला येत नाही. अल्केनांमध्ये पाठ करण्यासारखं फार थोडं आहे: सुरुवातीची चार नावं आणि नाव देण्याचे चार-पाच नियम. बाकीचं कागदावर काढून मिळतं, आणि काढून मिळालेलं विसरायला होत नाही.

तेव्हा वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. शक्य असेल तर टूथपिकची एक डबी आणि रात्रभर भिजवलेले मूठभर काबुली चणे पण घ्या. चणे चेष्टेने सांगत नाही. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे संच छान असतात, पण त्यातले गोळे आधीच भोकं पाडून येतात. चण्यात टूथपिक कुठे खोचायची ते तुम्हाला ठरवावं लागतं, आणि शिकायचं नेमकं तेच आहे.

अल्केन म्हणजे काय, ते एका वाक्यात: फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेलं, सगळे बंध एकेरी असलेलं आणि वलय नसलेलं संयुग. द्विबंध किंवा त्रिबंध आला की तो अल्केन नव्हे. कार्बनवर आणखी हायड्रोजन बसवायला जागाच उरलेली नसते, म्हणून यांना संपृक्त हायड्रोकार्बन म्हणतात.

पायरी १ : चार हात

कार्बनची संयुजा चार, हायड्रोजनची एक. वर्गात सगळेच सांगतात तसं, कार्बनला चार हात आणि हायड्रोजनला एक, आणि कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये. पुढचं सगळं प्रकरण एवढ्यावर चालतं.

एक चणा घ्या आणि त्यात चार टूथपिक अशा खोचा की त्या एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर राहतील. वहीत आपण मिथेन अधिकच्या चिन्हासारखा काढतो, कारण कागद सपाट आहे. चण्यातही तसंच केलंत तर चारही टूथपिक एकाच पातळीत येतात, त्यांच्यात ९० अंशांचा कोन पडतो आणि वरची-खालची सगळी जागा वाया जाते. आता एक टूथपिक सरळ वर ठेवा आणि उरलेल्या तीन खाली तीन दिशांना पसरवा. टेबलावर ठेवलंत की मॉडेल स्वतःच उभं राहील. कुठल्याही दोन टूथपिकांमधला कोन आता सुमारे १०९.५ अंश आहे. या आकाराला चतुष्फलकीय म्हणतात. कार्बनचे बंध असे अवकाशात पसरलेले असतात हे १८७४ साली हॉलंडच्या व्हँट हॉफने आणि फ्रान्सच्या ल बेलने एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं. व्हँट हॉफ तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता.

प्रत्येक टूथपिकच्या मोकळ्या टोकाला एक हायड्रोजन आहे असं धरा. हा झाला मिथेन: एक कार्बन, चार हायड्रोजन. सीएनजी रिक्षात जळतो तो मुख्यतः हाच, गोबर गॅसमध्ये जळणारा भागही हाच.

पायरी २ : साखळी वाढवा आणि सूत्र स्वतः शोधा

आता दोन चणे एकाच टूथपिकने जोडा. प्रत्येकाचा एक हात जोडण्यात गेला, तीन-तीन उरले. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, म्हणजे इथेन. तिसरा चणा जोडा. मधल्याचे दोन हात शेजाऱ्यांनी धरले, म्हणून त्याला फक्त दोन हायड्रोजन, टोकाच्यांना तीन-तीन. एकूण आठ, म्हणजे प्रोपेन.

इथे थांबून मोजणीकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. साखळीतल्या प्रत्येक कार्बनला दोन हायड्रोजन मिळालेच आहेत. शिवाय दोन्ही टोकांना एकेक जास्तीचा. म्हणजे कार्बनांच्या संख्येला ‘न’ म्हटलं तर हायड्रोजन २न + २. पुस्तकात चौकटीत छापलेलं सूत्र ते हेच. आता ते विसरलात तरी बिघडत नाही, दोन मिनिटांत पुन्हा काढता येईल. फांदी फुटली तरी हिशेब बदलत नाही: फांदीमुळे एक नवं टोक तयार होतं, म्हणून एक हायड्रोजन वाढतो, पण जिथे फांदी फुटली त्या कार्बनचा एक हायड्रोजन जातो.

या ओळीतले शेजारी एक कार्बन आणि दोन हायड्रोजन एवढ्यानेच वेगळे असतात. अशा ओळीला समजातीय श्रेणी म्हणतात.

नावांचं म्हणाल तर मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन ही चार पाठ करा, त्याला इलाज नाही. पाचापासून पुढे ग्रीक-लॅटिन आकडेच आहेत: पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन, नोनेन, डेकेन.

पायरी ३ : एकच सूत्र, अनेक रेणू

खरी मजा चार कार्बनांपासून सुरू होते. चार चणे सरळ ओळीत जोडता येतात, किंवा तीन ओळीत आणि चौथा मधल्यावर. दोन्हीकडे हायड्रोजन दहाच. रेणुसूत्र एक, जोडणी दोन तऱ्हेची. याला रचना समघटकत्व म्हणतात.

सगळे समघटक न चुकता काढायची एक पद्धत आहे. हेक्झेन घेऊन ती एकदा पूर्ण करून बघू.

आधी सहा कार्बन सरळ ओळीत. हा पहिला.

आता मुख्य साखळी एकाने कमी करा: पाच कार्बनांची ओळ, एक कार्बन हातात. तो टोकाच्या कार्बनवर लावला तर साखळी पुन्हा सहाची होते, म्हणून टोक वर्ज्य. दुसऱ्यावर लावा: २-मिथाईलपेंटेन (मिथाईल म्हणजे एका कार्बनची फांदी, आधीचा आकडा म्हणजे ती कितव्या कार्बनवर आहे ते). तिसऱ्यावर: ३-मिथाईलपेंटेन. चौथ्यावर लावला तर तो दुसऱ्या बाजूने मोजल्यावर दुसराच आहे, म्हणजे नवीन काही नाही.

आणखी एकाने कमी करा: चारची ओळ, दोन कार्बन हातात. दोन्ही एकाच कार्बनवर: २,२-डायमिथाईलब्युटेन (डाय म्हणजे दोन). शेजारच्या दोघांवर एकेक: २,३-डायमिथाईलब्युटेन. हातातले दोन एकमेकांना जोडून इथाईलची, म्हणजे दोन कार्बनांची, फांदी लावली तर? दुसऱ्या कार्बनवर दोन कार्बनांची फांदी म्हणजे फांदीतून मोजल्यावर पाचची साखळी मिळते, आणि तो आधीच मोजलेला ३-मिथाईलपेंटेन निघतो.

तीनच्या ओळीत तीन कार्बन बसवता येत नाहीत, कारण मधल्याचे दोनच हात मोकळे असतात. म्हणजे एकूण पाच. हेक्झेनचे समघटक पाचच आहेत, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत.

हा आकडा पुढे झपाट्याने वाढतो. हेप्टेनचे ९, ऑक्टेनचे १८, डेकेनचे ७५, आणि २० कार्बनांच्या अल्केनाचे ३,६६,३१९. निसर्गात हे सगळे सापडतात असं नाही. जोडणीच्या एवढ्या तऱ्हा शक्य आहेत, इतकंच.

मुलं सर्वात जास्त फसतात ती वाकड्या साखळीत. चार कार्बन सरळ काढले काय आणि इंग्रजी एल अक्षरासारखे वळवून काढले काय, रेणू तोच राहतो. चण्यांचं मॉडेल हातात असेल तर मधली टूथपिक बोटांनी फिरवून बघा. एकेरी बंधाभोवती रेणू असाच सहज फिरतो. दोन चित्रं वेगळी आहेत की एकच, अशी शंका आली की दोघांना नाव द्या. नावं सारखी आली तर रेणू एकच.

पायरी ४ : नाव देणं

रसायनांची नावं सगळ्या जगात एकाच पद्धतीने असावीत म्हणून १८९२ साली जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ जमले. पुढे १९१९ साली स्थापन झालेल्या आययूपीएसी या संस्थेने ते काम हाती घेतलं. नियमांची पुस्तकं जाडजूड आहेत, पण अल्केनांपुरतं एवढं बास:

सर्वात लांब अखंड साखळी शोधा. ती सरळ रेषेत छापलेली असेलच असं नाही. प्रश्न काढणारे ती मुद्दाम वळवून ठेवतात. बोटाने प्रत्येक टोकापासून प्रत्येक टोकापर्यंत जाऊन बघा. वहीत कुणी ‘२-इथाईलब्युटेन’ लिहिलेलं दिसलं तर समजा की ही पायरी गाळली आहे. तो रेणू ३-मिथाईलपेंटेन आहे. ‘२-इथाईल’ आणि ‘१-मिथाईल’ ही अल्केनाच्या नावातली हमखास धोक्याची खूण. १-मिथाईल कधीच बरोबर नसतं. २-इथाईलही नाही, कारण दुसऱ्या कार्बनवरची इथाईल फांदी पहिल्या कार्बनपेक्षा नेहमीच लांब असते.

सारख्या लांबीच्या दोन साखळ्या सापडल्या तर जिला जास्त फांद्या असतील ती निवडा. ३-इथाईल-२-मिथाईलपेंटेन हा याचा चांगला नमुना आहे. यात पाचची साखळी दोन तऱ्हांनी मोजता येते. एका तऱ्हेने फांद्या दोन निघतात, दुसऱ्या तऱ्हेने एकच. दोनवाली घ्यायची. फांद्या जास्त म्हणजे प्रत्येक फांदी साधी, आणि नाव सोपं.

क्रमांक अशा टोकापासून द्या की फांद्यांना लहान आकडे मिळतील. दोन्ही बाजूंचे आकडे चढत्या क्रमाने लिहा आणि जिथे पहिला फरक पडेल तिथे लहान आकडा असलेली बाजू जिंकते. आकड्यांची बेरीज करू नका. क्लासमध्ये अजूनही बेरजेची युक्ती सांगितली जाते. लहान रेणूंत ती चालून जाते, मोठ्यात दगा देते.

दोन्हीकडून आकडे तेच आले, तर वर्णक्रमात आधी येणाऱ्या फांदीला लहान आकडा. सात कार्बनांच्या साखळीत तिसऱ्यावर इथाईल आणि पाचव्यावर मिथाईल असेल तर ३-इथाईल-५-मिथाईलहेप्टेन, उलट नाही.

वर्णक्रमाबद्दल मराठीतून शिकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवायला हवं. हा क्रम रोमन लिपीचा आहे, देवनागरीचा नव्हे. बाराखडीत प आधी आणि ब नंतर, म्हणून प्रोपाईल आधी लिहावंसं वाटतं. पण नावात ब्युटाईल आधी येतं. फांद्या किती ते सांगणारे डाय, ट्राय, टेट्रा हे उपसर्ग क्रम लावताना मोजायचे नाहीत. डायमिथाईल असलं तरी ते मिथाईलच्या जागी लावायचं.

आता एक पूर्ण उदाहरण. पाचची साखळी, दुसऱ्या कार्बनवर दोन मिथाईल, चौथ्यावर एक. डावीकडून २, २, ४. उजवीकडून २, ४, ४. पहिला आकडा सारखा, दुसऱ्यात २ विरुद्ध ४, डावी बाजू जिंकली. नाव २,२,४-ट्रायमिथाईलपेंटेन. कार्बन मोजा, आठ भरतात. म्हणजे हा ऑक्टेनच्या अठरा समघटकांपैकी एक. पेट्रोल पंपावर जो ऑक्टेन आकडा बोलतात, त्याच्या मोजपट्टीवरचा १०० म्हणजे हा रेणू. ० म्हणजे सरळ साखळीचा हेप्टेन, जो इंजिनात वेळेआधी पेट घेऊन ठोके देतो. नुसता सरळ ऑक्टेन मात्र या मोजपट्टीवर शून्याच्याही खाली जातो. फांद्यांनी एवढा फरक पडतो.

पायरी ५ : आता सिलिंडरकडे बघा

उत्कलनबिंदूंचा तक्ता पाठ करण्याआधी त्यातला कल बघा. मिथेन उणे १६१.५ अंश सेल्सिअसला उकळतो, इथेन उणे ८९, प्रोपेन उणे ४२, ब्युटेन उणे ०.५, पेंटेन ३६, हेक्झेन ६९, ऑक्टेन १२६. म्हणजे चार कार्बनांपर्यंत घरातल्या तापमानाला वायू, पाचापासून द्रव, आणि साधारण अठरापासून पुढे मेणासारखे घन. बाजारातली पांढरी मेणबत्ती म्हणजे बहुतांशी २० ते ४० कार्बनांचे अल्केन.

कारण सोपं आहे. अल्केनांचे रेणू अध्रुवीय असतात, म्हणजे त्यांना विद्युतभाराची धन-ऋण टोकं नसतात, त्यांना एकमेकांजवळ धरून ठेवायला फक्त दुबळी व्हॅन डर वाल्स बलं असतात. रेणू लांब झाला की शेजाऱ्याला चिकटणारा पृष्ठभाग वाढतो आणि त्यांना वेगळं करायला जास्त उष्णता लागते. फांद्या फुटल्या की रेणू आटोपशीर, गोलसर होतो आणि हा पृष्ठभाग कमी होतो. पेंटेनचे तीन समघटक शेजारी ठेवा: सरळ साखळीचा ३६ अंशांना उकळतो, एका फांदीचा २८ ला, दोन फांद्यांचा साडेनऊला. तिन्हींचं वजन तेच. परीक्षेत ‘उत्कलनबिंदूचा चढता क्रम लावा’ असा प्रश्न आला की आधी कार्बन मोजा, ते सारखे असतील तर फांद्या मोजा.

आता स्वयंपाकघरातलं सिलिंडर. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं, आणि दोघेही नेहमीच्या तापमानाला थोड्या दाबाने द्रव होतात. म्हणून १४.२ किलो गॅस अशा सिलिंडरमध्ये मावतो जो दोन माणसं जिना चढवून आणू शकतात. मिथेनचं तसं नाही. उणे ८२.६ अंशांच्या वर त्याला कितीही दाबलं तरी तो द्रव होत नाही. त्यामुळे गाडीतला सीएनजी वायू म्हणूनच सुमारे २०० बार दाबाखाली भरावा लागतो, टाकी जाड आणि जड लागते, आणि घरगुती मिथेन पाइपातून येतो.

लग्नाच्या मांडवात मोठ्या भट्टीला जोडलेला सिलिंडर बघा. खालच्या अर्ध्या भागावर दव धरलेलं असतं, कधी पांढरं हिमही. गॅस भराभर ओढला की आतला द्रव भराभर बाष्प होतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. जिथपर्यंत पत्रा गार, तिथपर्यंत द्रव आहे. घरचा सिलिंडर किती भरलाय ते ओल्या फडक्याने पुसून बघतात तेही याच हिशेबाने: वरचा भाग आधी सुकतो, द्रव असलेला भाग ओला राहतो.

आणखी एक हिशेब प्रत्येकाने करावा असा. कार्बनचा अणुभार १२, हायड्रोजनचा १. मिथेनचा रेणुभार १६, प्रोपेनचा ४४, ब्युटेनचा ५८. हवेचा सरासरी सुमारे २९. म्हणजे पाइपातला गॅस गळला तर तो वर चढतो, पण सिलिंडरचा गॅस जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि कोपऱ्यात साचतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही. दारं उघडावी लागतात. अशा वेळी दिव्याच्या बटणाला चालू करायला नको आणि बंद करायलाही नको. रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर पडायचं. या अल्केनांना स्वतःचा वास नसतो. नाकाला जाणवतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा.

पायरी ६ : अभिक्रिया, फार नाहीत

अल्केन आळशी असतात. आम्ल, अल्कली, पाणी, कशालाही दाद देत नाहीत. सोडियमसारखा धातू प्रयोगशाळेत केरोसीनमध्ये बुडवून ठेवतात तो म्हणूनच. एक मोठा अपवाद म्हणजे ज्वलन.

ज्वलनाचं समीकरण संतुलित करताना नेहमी आधी कार्बन, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन. प्रोपेनमध्ये तीन कार्बन, म्हणून तीन कार्बन डायऑक्साइड. आठ हायड्रोजन, म्हणून चार पाणी. ऑक्सिजनचे अणू झाले सहा अधिक चार, दहा. म्हणजे पाच रेणू. ब्युटेनला तेच केलंत की साडेसहा रेणू येतात. मग सगळं दुप्पट करा: २ ब्युटेनला १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी. ऑक्सिजन शेवटी घ्यायचा कारण तो उजवीकडे दोन पदार्थांत वाटला जातो; आधी त्याला हात घातला तर पुन्हापुन्हा खोडावं लागतं.

हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्यांची बुडं काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळ करताना माणसं दगावतात ती यामुळे. गिझर न्हाणीघराबाहेर बसवा, ते जमत नसेल तर निदान झडप उघडी ठेवा असला अर्धवट सल्ला मी देणार नाही. बाहेरच बसवा.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी अभिक्रिया क्लोरीनशी. अंधारात मिथेन आणि क्लोरीन शेजारी गुपचूप बसतात. सूर्यप्रकाश पडला की क्लोरीनचा रेणू फुटून मुक्त मूलकं, म्हणजे हात मोकळा राहिलेले अणू, बनतात आणि एकेक हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसत जातो: आधी क्लोरोमिथेन, मग डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म, शेवटी कार्बन टेट्राक्लोराइड. मधेच थांबवता येत नाही, चौघांचं मिश्रणच हाती येतं.

तोतये ओळखा

सूत्रावरून घाईने निकाल देऊ नका. हायड्रोजन २न + २ असेल तरच तो हायड्रोकार्बन अल्केन. २न असेल तर एकतर द्विबंध असलेला अल्कीन, नाहीतर वलय असलेला सायक्लोअल्केन. सूत्र दोघांचं सारखंच. प्रयोगशाळेत यांना वेगळं करायला ब्रोमीनचं पाणी वापरतात. अल्कीन त्याचा तांबूस रंग लगेच घालवतो, अल्केन आणि साधारण सायक्लोअल्केन घालवत नाहीत. परीक्षानळी उन्हात मात्र धरू नका. वर क्लोरीनचं पाहिलंत, तसंच ब्रोमीनचंही उजेडात होतं आणि अल्केनही हळूहळू रंग घालवू लागतो.

आता स्वतः करून बघायला दोन गणितं. हेप्टेनचे नऊही समघटक काढा. जमले तर यादी अशी येईल: सरळ साखळी १, मिथाईलहेक्झेन २, डायमिथाईलपेंटेन ४, इथाईलपेंटेन १, ट्रायमिथाईलब्युटेन १. दुसरं: पेंटेनच्या तिन्ही समघटकांमध्ये एकाच हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला तर प्रत्येकापासून किती वेगवेगळी रचनासूत्रं मिळतील? सरळ साखळीला ३, एका फांदीच्याला ४, दोन फांद्यांच्याला १. शेवटचा एक का, हे कळायला पाचवा चणा मधे ठेवून चार बाजूंना चार चणे लावा आणि मॉडेल हातात कसंही फिरवा.